खांदे खाली येईपर्यंत

सलीमनं तबकडी आधी फुंकली, मग सदऱ्याच्या टोकानं पुसली, आणि फोनोवर चढवण्याआधी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. समाजमंदिराच्या अंगणात बसलेल्या शंभर-सव्वाशे माणसांनी माना वर केल्या. तबकडीच्या मधोमध लाल कागद होता आणि त्यावर शाहीर गेनबांचं नाव छापलेलं होतं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ते न येणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आन् त्याच्या खाली काय लिवलंय?" बायकांमधून अंबूबाईनं विचारलं. "आमच्या ह्यांचं नाव आसंल बघा."

सलीमनं कागद डोळ्यांजवळ नेला. "बारीक अक्षरात 'आणि साथीदार' आसं हाय, वैनी."

"मंग त्येच की!" अंबूबाई म्हणाली आणि तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

तिचा नवरा कोंडिबा कर्ण्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली. 'आणि साथीदार' म्हणजे मुंबईच्या कंपनीचे दोन पगारी गाणारे, हे त्या अंगणात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक कोंडिबा, आणि दुसरे खुद्द शाहीर गेनबा. शाहीर पुढं खुर्चीवर हार घालून बसले होते आणि हाराची फुलं एकेक करून कुस्करत होते.

कोयनेचा भूकंप होऊन चार महिने झाले होते. भोरात बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस होता. संध्याकाळी मिरवणूक निघायची होती, आणि तिच्याआधी चार वाजता, उन्हं जरा कलली की, शाहिरांची तबकडी सगळ्यांनी मिळून ऐकायची असं मंडळाच्या नानांनी ठरवलं होतं. तालुक्यातल्या माणसाची तबकडी निघाली ही काही रोजची गोष्ट नव्हती. शिवऱ्यापासून हिर्डोशीपर्यंतची माणसं आली होती. हिर्डोशीची फुलाबाई तर सकाळी भाकरी बांधून निघालेली, अर्धी वाट पायी आणि अर्धी एसटीनं.

शाहिरांचा जलसा तीस वर्षं चालला होता आणि तीस वर्षं कोंडिबा त्यांच्या पाठीमागं उभा होता. तो झीलकरी. शाहिरांनी कडवं संपवलं की त्याचा शेवटचा शब्द झीलकऱ्यानं वरच्या पट्टीत उचलायचा आणि धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणं रंगावं म्हणून हे चाललंय. खरी गोष्ट अशी की तेवढ्या वेळात शाहीर दम घेतात. झील किती लांबवायची याला माप नसतं. कोंडिबा शाहिरांच्या खांद्यांकडं बघायचा. दम भरताना खांदे वर जातात. छाती भरली की खाली येतात. खांदे खाली आले की झील सोडायची. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एका गावात शाहिरांना ठसका लागला, कोंडिबानं घाबरून झील सोडलीच नाही, आणि त्या दिवशी त्याला हे कळलं. पुढं तीस वर्षांत शाहीर कधी मध्येच तुटले नाहीत. लोक म्हणत, "शाहिराची छाती हाय का लोहाराचा भाता!" कोंडिबाला ते ऐकून बरं वाटायचं. भात्याची दोरी आपल्या हातात आहे, असं त्याला मनातून वाटत असे, पण बोलायची सोय नव्हती.

एरवी तो भाटघरच्या धरणावर खलाशी होता. रोज सकाळी भिंतीवरून खाली उतरायचं, पाण्याची पट्टी वाचायची आणि आकडा वर उभ्या असलेल्या कारकुनाला ओरडून सांगायचा. शाहिरांचं सगळ्यात गाजलेलं गाणं याच पाण्यावरचं होतं. धरण झालं तेव्हा शाहिरांच्या आईची वाडी बुडाली, आणि घाईघाईत जातं तिथंच राहिलं.

आईचं माझ्या जातं, ऱ्हायलं पाण्याच्या तळी,
कोण धरतो खुंटा, कोण वैरण घाली...

प्रत्येक कडवं फिरून पहिल्या ओळीवर येऊन संपायचं, म्हणून कोंडिबाची झील होती ती 'तळी' या शब्दावर. ज्या पाण्याचा आकडा सकाळी ओरडून सांगायचा, त्याच्याच तळाचा शब्द संध्याकाळी धरायचा. त्याला यात काही विशेष वाटत नसे. एकानं पोट भरत होतं, दुसऱ्यानं मन.

घरी मात्र तो कधी गायला नाही. झील एकट्याची नसतेच. पुढं गाणारा नसेल तर मागं धरायचं काय? त्यामुळं अंबूबाईनं नवऱ्याचा आवाज ऐकला तो फार तर पाच-सहा वेळा, तोही बायकांच्या घोळक्यातून, मांडीवर रडणारं मूल थोपटत.

माघ महिन्यात कंपनीचं बोलावणं आलं आणि शाहीर कोंडिबाला घेऊन मुंबईला गेले. अंबूबाईनं नवऱ्याचं धोतर निळीतून काढलं. वाडीतली माणसं एसटीपर्यंत पोचवायला आली.

कंपनीची खोली थंडगार होती. काचेपलीकडं एक चष्मेवाला बसला होता. कोंडिबा सवयीनं शाहिरांच्या मागं एक हातावर जाऊन उभा राहिला, तेव्हा चष्मेवाला बाहेर आला आणि म्हणाला, "हे कोण?"

"आमचं झीलकरी," शाहीर म्हणाले.

"बरं. म्हणा बघू."

कोंडिबानं डावा हात कानावर ठेवला आणि 'तळी' उचलला. पण शाहीर गात नव्हते. ते नुसते हात जोडून उभे होते. त्यांचे खांदे ना वर जात होते, ना खाली येत होते. झील कुठं सोडायची हे कोंडिबाला कळेना. तो धरूनच राहिला.

"अहो, थांबा, थांबा!" चष्मेवाल्यानं घड्याळ दाखवलं. "एवढ्यात आमचं अख्खं कडवं होतं. एका बाजूला तीन मिनिटं आहेत, बाबा."

मग कंपनीचे दोन तरुण आले. त्यांचे आवाज गोड होते, भांग नीट पाडलेले होते. ते शाहिरांकडं पाठ करून दुसऱ्या माईकपाशी उभे राहिले. कोंडिबाला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. शिपायानं चहा आणून दिला. दार लागता लागता त्यानं शाहिरांकडं बघितलं. शाहीर हातातला कागद वाचत होते. त्यांना वाचता येत नव्हतं.

येताना कात्रजच्या घाटात शाहीर पहिल्यांदा बोलले. "कोंडिबा, घरी इचारतील."

"व्हय."

"सांग, गायलो म्हनून. त्या कर्ण्यातनं कुनाचा आवाज कुनाला वळखू येतोय? आन् माज्या राजा, झील ऐकतंय कोन?"

शाहीर हे मायेनंच म्हणाले होते. कोंडिबाच्या काळजात ते शब्द जे रुतले ते रुतलेच. पण घरी अंबूबाई दारातच उभी होती. तिनं विचारलं, "गायला?" आणि तो म्हणाला, "गायलो." दुसऱ्या दिवशी धरणाच्या चाळीला कळलं, आठवड्यात वाडीला, आणि जयंतीपर्यंत भोर तालुक्यात ज्याला कान होते त्याला कळलं.

सलीमनं पिन टेकवली. कर्ण्यातून आधी खरखर आली, मग एक क्लॅरिनेट वाजलं. माणसं एकमेकांकडं बघून हसली. मग शाहिरांचा आवाज आला आणि अंगण गप्प झालं.

कोंडिबाला दोन गोष्टींची भीती होती. एक अशी की आता कुणीतरी उठून म्हणेल, हा आवाज कोंडिबाचा नव्हे. दुसरी अशी की कुणीच तसं म्हणणार नाही. पहिली जास्त वाईट की दुसरी, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

कडवं संपलं. 'तळी' आला. कंपनीच्या पोरांनी तो गोड उचलला आणि लगेच खाली ठेवला, गरम तवा ठेवावा तसा. पाठोपाठ शाहीर दुसऱ्या कडव्यात शिरले. कोंडिबाला ऐकू आलं, शाहिरांनी पुरता दम घेतलेला नव्हता. दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस त्यांचा आवाज बसला. तिसरं कडवं नव्हतंच. क्लॅरिनेट पुन्हा वाजलं आणि बाजू संपली.

टाळ्या पडल्या. मग जो तो बोलू लागला. फुकटचं ऐकायला मिळालं की मत द्यायला माणूस कंजुषी करत नाही.

"एक नंबर!" ज्ञानू म्हणाला. तो खडकीच्या कारखान्यात होता आणि केसांना तेल लावत नव्हता. "म्युझिक काय दिलंय! आता कुटं हे गानं गान्यावानी वाटतंय. आदी निस्ती आरडाओरड."

"आरडाओरड?" नाना उसळले. "लेका, त्या आरडाओरडीवर तुजा बाप शाळंत गेला. माजं म्हननं येगळं हाय. आज जयंती. आज ही रडकी बाजू आदी लावायची नव्हती. बाबासायबांची बाजू आदी, मंग जातं."

"रडकी कशानं?" सलीमला राहवेना. "माजी आजी ह्याच गान्याला रडायची. तिचं बी म्हायेर पान्यातच हाय."

"पर ती पिपानी कशाला मधीच?" मागून कुणीतरी म्हणालं. "लग्न हाय का जात्याचं?"

हशा झाला. शाहीरही हसले, पण त्यांचे हात हारावरच होते. तेवढ्यात फुलाबाई उठली. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, त्यामुळं उठायला वेळ लागला आणि सगळे तिच्याकडं बघू लागले.

"शाहीर, राग मानू नगा," ती म्हणाली. "तुमी दमलाय. म्या तीस वर्सं आयकतीया. तुमचा दम कवा तुटला न्हवता. ह्यात तुटतोय. तिसरं कडवं तर तुमी म्हनलंच न्हाई. वय झालं, बाबा. सगळ्यांचंच व्हतं."

अंगणात एकेक मान हलू लागली. व्हय, जरा दमल्यावानी वाटतंय खरं. आवाज हाय, पर छाती गेली. शाहिरांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे विझले. साठी गाठायला आलेला माणूस, जन्मात एक तबकडी निघाली, आणि तिच्यातून लोकांनी त्याचं म्हातारपण ऐकलं.

कोंडिबाच्या घशाशी शब्द आले होते. वय नव्हे, फुलाबाई. झील तोकडी पडली. एवढं एक वाक्य. पण ते वाक्य म्हटलं तर पुढचं वाक्य आलंच, की मग तू काय करत होतास? त्यानं शाहिरांकडं बघितलं. शाहीरही त्याच्याकडंच बघत होते. हे वाक्य शाहीर म्हणू शकले असते. बोलले नाहीत.

"आन् आमच्या ह्यांचं?" अंबूबाईला धीर धरवेना. "ह्यांचं कसं झालंय?"

"झिलीचं काय," ज्ञानू म्हणाला, "झील चांगलीच हाय की."

"झील ती झील," नाना म्हणाले, आणि झिलीचा विषय तिथंच संपला.

म्हणजे दुसरी भीती खरी ठरली. कोंडिबाला वाटलं होतं की सुटलो असं वाटेल. तसं काही वाटलं नाही. खांब उन्हानं तापला होता आणि पाठीला चटका बसत होता, तरी तो तिथून हलला नाही.

शाहीर एकदम उठले. त्यांनी हार काढून खुर्चीवर ठेवला. "ज्ञानू, त्यो डफ आन," ते म्हणाले. "फुलाबाय, तिसरं कडवं कंपनीनं कापलं. म्या न्हाई टाकलं. आयका."

माणसं सावरून बसली. सलीमनं फोनोवर फडकं टाकलं. शाहिरांनी डफ तापवायलाही वेळ दिला नाही, थापच मारली. मग मागं न बघता ते म्हणाले, "कोंडिबा."

कोंडिबा खांबापाशी उभाच राहिला. आता तोंड उघडलं की संपलं. आत्ताच सगळ्यांनी तबकडी ऐकलेली. कानात तो गोड आवाज ताजा आहे. आपला आवाज निघाला की लहान पोरालाही कळेल की तो निराळा आणि हा निराळा. उद्यापासून अंबूबाईला पाणवठ्यावर तोंड दाखवता येणार नाही. घसा बसलाय म्हणून सांगावं. सरळ सांगावं.

शाहिरांनी पहिलं कडवं सुरू केलं. कोंडिबा त्यांच्या मागं कधी जाऊन उभा राहिला, हे त्याला कळलं नाही. पाय आपले आपण गेले. कडवं संपलं, खांदे वर गेले, आणि डावा हात कानावर गेला.

तळीऽऽऽ

त्यानं डोळे मिटले नाहीत, कारण खांदे बघायचे होते. दुसरं कडवं झालं. झील झाली. अंगण डोलू लागलं होतं. मग शाहीर तिसऱ्या कडव्याला आले. त्यात आईच्या बांगड्या होत्या, जात्याच्या घरघरीबरोबर वाजणाऱ्या, आणि ते कडवं लांब होतं, चढं होतं. शाहिरांनी ते सगळं एका दमात नेलं आणि शेवटच्या शब्दावर त्यांचा सूर कापरा झाला. त्यांचे खांदे वर गेले आणि वरच राहिले.

कोंडिबानं झील उचलली. खांदे खाली येईनात. फुलाबाई म्हणाली ते अगदीच खोटं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी मागून दिसलं. शाहिरांच्या मानेची शीर उडत होती, पाठीवर सदरा चिकटला होता, आणि ते तोंड मिटून, कुणाला दिसू नये असं, हवेसाठी धडपडत होते. कोंडिबा धरून राहिला. त्याची स्वतःची हवा संपली. पोटातून, बरगड्यांतून, जिथं असेल तिथून त्यानं ती ओढली. आवाज पातळ झाला. मग मधोमध फाटला. तो फाटकाच धरून ठेवला. डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी त्या अंधारीतून त्याला दोन खांदे दिसत होते.

खांदे खाली आले.

त्यानं झील सोडली. शाहिरांचा आवाज असा उठला की समाजमंदिराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. शेवटच्या ओळीला सगळं अंगण उभं राहिलं.

"ह्येला म्हनत्यात छाती!" नाना ओरडले. "कोन म्हनतं शाहीर थकले?"

"माजी जीभ झडू," फुलाबाई डोळे पुसत म्हणाली. "दम तसाच हाय. म्याच म्हातारी झाले."

"तबकडीपरीस भारी झालं," ज्ञानूनंही कबूल केलं.

शाहिरांना पोरांनी खांद्यावर घेतलं. जाता जाता त्यांनी एकदा मागं वळून बघितलं. त्यांचे ओठ हलले, काहीतरी म्हणायचं होतं, पण नानांनी मिरवणुकीची घाई केली, हलगी कडाडली, आणि शाहीर गर्दीबरोबर पुढं गेले. कोंडिबा खाली बसला. त्याला खोकला येत होता. सलीमनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि तो वायरी गुंडाळायला गेला.

कुणालाच काही कळलं नव्हतं. तबकडीतला आवाज आणि हा आवाज, शंभर-सव्वाशे माणसांनी एकापाठोपाठ एक ऐकला, आणि एकालाही फरक कळला नाही. तीस वर्षं त्याला वाटत होतं की लोक बोलत नसले तरी त्यांना ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच्या जागी कुणीही उभं राहिलं असतं तरी चाललं असतं, आणि मुंबईत ते दोघं उभे राहिलेच होते. हे एकदा समजल्यावर त्याला रडूही येईना.

भाटघरची एसटी साडेसहाला होती. स्टँडवर अंबूबाई त्याच्या शेजारी बाकावर बसली. तिनं पदरात बांधलेले चुरमुरे सोडले आणि मूठभर त्याच्या हातावर ठेवले. ती खुशीत होती. बायकांनी आज तिला पुढं बसवलं होतं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "राग न्हाई ना येनार?"

"सांग."

"आज तुमचा आवाज फाटला वो. शेवटाला. म्या मान खालीच घातली. तबकडीत कसा लोन्यावानी लागलाय. म्या लगीच वळखला. शेजारच्या ठकुबायला म्हनलं, हे बघ, ह्यो आमचा." ती जरा थांबली. "आवं, तुमी एवडं ग्वाड गाता, हे मला लगीन झाल्यापास्नं ठावंच न्हवतं."

कोंडिबा चुरमुरे चावत राहिला. आत्ता सांगता आलं असतं. बाकावर दोघंच होते. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं केसांत चाफ्याचं फूल घातलं होतं. इतक्या वर्षांत त्यानं तिला ते कधी आणून दिलं नव्हतं, आज तिनं आपलं आपणच तोडून घातलं होतं.

"थितं गार खोली हुती," तो म्हणाला. "गार हवंत आवाज बरा लागतो."

"तसंच आसंल," अंबूबाई म्हणाली.

मिरवणूक पेठेत पोचली असावी. सलीमनं कर्णा हातगाडीवर बांधून तबकडी पुन्हा लावली होती. आवाज घरांवरून तुटक तुटक येत होता. आधी क्लॅरिनेट, मग शाहीर. अंबूबाईनं चावायचं थांबवलं आणि बोट वर केलं.

"आला बघा. तुमचाच न्हवं?"

कर्ण्यातून 'तळी' आला आणि लगेच संपला. पाठोपाठ शाहीर अर्ध्या दमानं पुढच्या कडव्यात शिरले. कोंडिबाची छाती आपोआप भरून आली आणि डावा हात कानाकडं निघाला. अंबूबाई बघत होती. त्यानं तो हात तसाच वर नेऊन टोपी नीट केली.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच त्यो."

एसटी लागली. अंबूबाईनं पिशवी उचलली आणि दोघं चढले.